सुख्या, पोरांना काय सांगू?

सुख्या, तुला माती देऊन आलो तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोच आहे. फळ्यावर गणित मांडताना भांडतो, गोंदियाच्या बाजारात भाजी घेताना भांडतो. परवा तुझ्या वहिनीनं, प्रज्ञानं, स्वयंपाकघरातून विचारलं, "कोणाशी बोलून राहिले?" मी म्हटलं, सुख्याशी.  ती बाहेर येऊन माझ्याजवळ बसली आणि सांभाराची जुडी निवडत राहिली.

तू असतास तर म्हणाला असतास, "मेल्यावर तरी पिच्छा सोड बे." नाही सोडत. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे. "रविवारी ये, मग बोलू. आता पोट्टे जेवून राहिले," एवढं म्हणून तू फोन ठेवलास, आणि तो रविवार उगवला तेव्हा मी तुझ्या जंगलातल्या चार घरांच्या टोल्याच्या शिवारात उभा राहून तुझ्यावर माती लोटत होतो.

आता तुझ्या वसतिगृहातली पोरं मला फोन करतात. स्वयंपाकाच्या बाईचा मोबाइल मागून घेतात. मागे गलका चालू असतो, ताटं आपटत असतात, आणि एक जण विचारतो, "मिलिंद सर, आता आमचं कसं?"  गृहपाल तू होतास. मी गोंदियाच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारा मास्तर. तुझा दोस्त, एवढीच माझी त्या पोरांना ओळख.

आपण दोघं त्या इमारतीत आठवीला आलो. देवरी सोडून चिचगडच्या वाटेला लागलं की सागाच्या झाडांआड ती कौलारू इमारत, पुढे पडवीसारखी छपरी, मागे हापशीची बोरिंग. मी सौंदडचा. आईबाबा अर्धं वर्ष विटाभट्टीवर जात, म्हणून मला तिथं टाकलं. तू चिचगडच्या पलीकडच्या जंगलातला, तुमच्या टोल्यात शाळा सातवीपर्यंतच. पहिल्या दिवशी तुझं आणि माझं अंथरूण शेजारी पडलं, कारण उशिरा पोचलेले आपण दोघंच होतो आणि दाराजवळची गार जागा तेवढी उरली होती. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "तू भिंतीकडं झोप. मले सवय आहे." मला वाटलं, किती चांगला पोरगा. तुला थंडीची काडीचीही सवय नव्हती. थंडीच तुझी वैरीण होती, हे मला नंतर कळलं.

ते वरण आठवतं? इतकं पातळ की आपण ताटात भाताचे बांध घालून, धानाच्या शेतासारखी बांधी करून, त्यात ते अडवायचो. कोणाची बांधी फुटली की सगळा हॉल हसायचा. सकाळी बोरिंगवर एकानं दांडा हापसायचा आणि दुसऱ्यानं धारेखाली बसायचं, मग उलट. हिवाळ्यात त्या पाण्याच्या नुसत्या आवाजानं अंगावर काटा यायचा. तू कुडकुडत बसायचास आणि मी हापसायचो.

अशाच एका सकाळी तू धारेखालून उठलाच नाहीस. गुडघे पोटाशी घेऊन ओल्या चिखलात पडलास आणि ओरडायला लागलास. असलं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पोरं आधी हसली. पटले सर, आपले तेव्हाचे गृहपाल, टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि म्हणाले, "काऊन नाटक करून राहिला बे? शाळा बुडवायची आहे का?" तू दातांत ओठ धरलास. ओठातून रक्त आलं तेव्हा कुठं सरांचा चेहरा बदलला.

दवाखान्यातून परत आलास तेव्हा तुझ्या आजाराला नाव मिळालं होतं. सिकलसेल. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं हाडात खिळे ठोकल्यासारखं दुखतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तू आम्हाला सांगितलंस. थंडी लागली की दुखणार, पाणी कमी पडलं की दुखणार, दमलं की दुखणार. आणि जन्मभर. एकानं विचारलं, "मंग बरं कधी होते?" तू म्हणालास, "नाही होत म्हणते." आणि ताटात बांधी घालायला लागलास.

पटले सरांनी तुझ्या बाबांना निरोप धाडला की पोराला घेऊन जा. सर वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते. उद्या काही झालं तर कोणाच्या गळ्यात, एवढीच त्यांची चिंता. तुझे बाबा आले, छपरीच्या कडेला उकिडवे बसले. घरी नेऊन करायचं काय, तिथून दवाखाना आणखीच लांब, हे त्यांना बोलता येईना आणि सरांना ऐकायचं नव्हतं. तेव्हा हॉलमधली पोरं एकेक करून छपरीत येऊन उभी राहिली. कोणी ठरवलं नव्हतं. दहावीतला एक दांडगा पोरगा म्हणाला, "सर, आम्ही पाहू त्याले." सर म्हणाले, "तुम्ही काय पाहाल बे? तुम्हाले तुमचे शेंबूड पुसता येत नाही." तो म्हणाला, "शिकू." बाकीचे हलले नाहीत. शाळेची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. शेवटी सर चिडून आत गेले आणि तुझे बाबा एकटेच गावी परतले.

आणि शिकलो खरंच. स्वयंपाकाच्या चुलीवर तुझ्यासाठी पाण्याचा गंज, मोठं पातेलंच, चढायला लागला. दुखायला लागलं की कोणी फडकी गरम करायचं, कोणी पाय चोळायचं. थंडीत तुझ्यावर सगळ्यांच्या चादरी पडायच्या आणि आम्ही एकमेकांना चिकटून झोपायचो. दुखणं ओसरल्यावर तुला चालता यायचं नाही तेव्हा मी तुला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचो. तू पाठीवर बसून मला सूचना करायचास. "हळू चाल बे. बैलबंडी आहे का मी?" एकदा मी खड्ड्यात पाय घालून दोघांनाही लोळवलं, तर रस्त्यात पडल्यापडल्या तू इतका हसलास की मला वाटलं तुला पुन्हा झटका आला.

माझ्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तुझ्या घरी तुमचे पेन, तुमचे जंगलातले देव. तुझ्या मायनं तुझ्यासाठी एक देव सोडला नव्हता. पार नागऱ्याच्या महादेवापर्यंत जाऊन आली होती. मी तुला चिडवायचो की देवानं पेशी सरळ होत नाहीत. तू म्हणायचास, "तुझ्या बुद्धानं होते का?" मी म्हणायचो, "तो तसं म्हणतच नाही." तू म्हणायचास, "मंग तो बरा. खोटं तर नाही बोलत." सुख्या, तुझ्याइतकं मला कोणी हसवलं नाही, आणि तुझ्याइतकं कोणी रडवतही नाही आता.

पुढं मी गोंदियाला शिकलो, तिथंच लागलो. तू बीए करून फिरून त्याच इमारतीत गेलास, आधी मदतनीस, मग पटले सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच खोलीत गृहपाल. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर तू जे सुरू केलंस त्यानं माझी झोप गेली. आजूबाजूच्या गावांत जी पोरं कोणी ठेवून घेत नाही, पिवळ्या डोळ्यांची, वारंवार दुखणारी, ती तू आणायला लागलास. टोल्याटोल्यांत जाऊन आईबापांना सांगायचास, "माझ्यापाशी द्या. मी पण तोच आहे." हॉलच्या ज्या कोपऱ्याला चुलीची ऊब पोचते तिथं त्यांची अंथरुणं. आंघोळीला ऊन पाणी. शाळेत जाण्याआधी तुझ्यासमोर उभं राहून तांब्याभर पाणी प्यायचं, आणि हे फक्त त्यांनी नाही, सगळ्या पोरांनी, म्हणजे कोणी वेगळं दिसायला नको. मी एकदा आलो तर तू मलाही तांब्या दिलास. म्हणालास, "नियम आहे."

इथून आपलं भांडण सुरू होतं.

मी तुला म्हणायचो, गोंदियाला ये. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जागा होती, मी बोलून ठेवलं होतं. मोठा दवाखाना हाकेच्या अंतरावर, रक्त मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात, आणि जागरणं नाहीत. तू चिचगडच्या वाटेवर बसलेला, दुखायला लागलं तर गाडी शोधण्यातच दुपार जाणार. तू ऐकून घ्यायचास आणि मग विचारायचास, "गोंदियात मी जास्त दिवस जगन, हे खरं. पण त्या दिवसाईचं करू काय?"

"पुस्तकं वाच. लग्न कर. माझ्या पोरीला गोष्टी सांग."

"ते इथूनही करतो."

"लग्न?"

मग तू बोलणं बदलायचास. पोरांची परीक्षा, धानाचा भाव, काहीही.

सुनीताचं तू मला कधी नीट सांगितलंच नाहीस. अंगणवाडीत काम करणारी, शांत, तुझ्यावर जीव असलेली. तुमचं लग्न होणार, हे सगळे धरूनच चालले होते. मग तपासणीत निघालं की ती सिकलसेलची वाहक आहे. तिला त्रास काही नाही, पण तुमचं लेकरू तुझ्यासारखं होण्याची भीती मोठी. तू एका दिवसात तोडून टाकलंस. मी म्हटलं, "लेकरू नका होऊ देऊ. दोघं राहा. निदान तिला विचार तरी." तू म्हणालास, "विचारलं तर ती हो म्हणेल. म्हणून नाही विचारत." तेव्हा मला तुझा राग आला होता. अजूनही येतो. तू आपलं दुखणं कोणाच्या वाट्याला येऊ दिलं नाहीस, हे लोक कौतुकानं सांगतात. मी म्हणतो, त्यातला वाटा आम्ही मागत होतो. तो द्यायला तुझं काय जात होतं?

ती मातीला आली होती, सुख्या. बायांच्या मागे उभी होती, कोणाच्या डोळ्यांत येणार नाही अशी. परतताना बैलांच्या पाणवठ्याजवळ मला म्हणाली, "भाऊ, मले एकदा विचारलं असतं त्यानं." एवढंच.   ती पदरानं तोंड पुसून पुढं निघून गेली.

आता त्या दिवसाचं. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे.

थंडीची लाट आली होती. तुला आधीच ताप होता, खोकला होता, हे मला स्वयंपाकाच्या बाईनं नंतर सांगितलं. सकाळी रोशनला दुखायला लागलं. तुझ्या त्या उबदार कोपऱ्यातला रोशन, नववीतला, जो जेवताना सगळ्यांच्या ताटातलं लोणचं पळवतो. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, श्वास लागला. तू ॲम्ब्युलन्स बोलावलीस आणि त्याच्यासोबत गोंदियाला निघालास. बाई म्हणाली, "सर, तुम्ही नोको जा, दुसऱ्या कोणाले धाडा." तू मफलर गुंडाळून गाडीत चढलास. दुसरं कोण होतं धाडायला?

मला फोन केलास तो वॉर्डाबाहेरच्या बाकावरून. "आलो आहे बे तुझ्या गोंदियात. खूश?" मी तास सोडून धावत आलो. रोशनला रक्त चढत होतं. तू बाकावर भिंतीला टेकून बसला होतास, ओठ निळसर झाले होते आणि बोलताना मध्येच थांबत होतास. मी म्हटलं, "तू पण भरती हो. आत्ताच्या आत्ता." तू म्हणालास, "त्याची बाटली सरू दे." मी आवाज चढवला. आजूबाजूचे लोक पाहायला लागले. तू हळूच म्हणालास, "ओरडू नोको. त्याले आत ऐकू जाते."

मी तुला हाताला धरून नेलं, सुख्या. डॉक्टरांनी तपासलं, लगेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. त्यांनी काही कमी केलं नाही. पण छातीत शिरलेलं दुखणं मागं हटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, नागपूरला न्या, वेळ घालवू नका. तुला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तू मास्क बाजूला सारलास. मला वाटलं मायबद्दल काही सांगशील. तू म्हणालास, "रोशनले आत्ता नोको सांगजो. अजून एक बाटली लागणार आहे त्याले."

आपली गाडी गोरेगाव, कोहमारा करत निघाली. उन्ह चांगलं पडलं होतं. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोरीची रोपं हिरवी होऊन आली होती. मी तुझा हात धरला होता आणि बोलत होतो, काहीही, तुझा डोळा मिटू नये म्हणून. पोरीचं सांगितलं, प्रज्ञाचं सांगितलं, पटले सरांची नक्कलसुद्धा केली. तू एकदा हसलास. मास्कवर वाफ आली म्हणून कळलं. सौंदड जवळ आलं तसा मी म्हटलं, "सुख्या, माझं गाव आलं पाहा. डोळे उघड." तू डोळे उघडले नाहीस. गाडीतल्या माणसानं छाती दाबली, पुन्हा दाबली, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझ्या गावाच्या वेशीवर, ज्या रस्त्यावरून मी लहानपणी सुटीत घरी यायचो तिथं, त्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला म्हटलं, चला, नागपूरला चला. तो म्हणाला, "भाऊ, आता कायले?" मी म्हटलं, चला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही. मी त्याच्या सदऱ्याला धरून किती वेळ ओरडत होतो तेही माहीत नाही.

तुला तुझ्या टोल्यात नेलं. पोरं आली होती, हॉलमधली सगळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून. एरवी ट्रॉलीत चढली की गोंधळ घालतात. त्या दिवशी नुसती उभी होती. तुझ्या मायनं एकेका पोराच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मिलिंद, तुले तर सांगितलं होतं मी. त्याच्याकडं पाहजो म्हणून." माय मला दोष देत नव्हती. ती फक्त आठवण करून देत होती, पण मला तिथंच खड्ड्यात उतरावंसं वाटलं.

सोमवारी मी दवाखान्यात गेलो. रोशन उठून बसला होता. डोळे निवळले होते. म्हणाला, "सर कुठं गेले? चहा पिऊन येतो म्हणाले होते." तू त्याला चहा सांगून बाहेर गेला होतास, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला खोटं सांगायला तोंड उघडलं आणि मला खोटं सुचलं नाही. सांगून टाकलं. त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग विचारलं, "माझ्यापायी?"

मी म्हटलं, नाही रे. त्यांना आधीच ताप होता. छातीत आधीच शिरलं होतं.

"पण मले नसतं दुखलं तर ते झोपून राहिले असते ना?"

सांग, सुख्या. तू असतास तर काय म्हणाला असतास? तुला सुचलं असतं. तू काहीतरी असं बोलला असतास की पोरगा रडता रडता हसला असता. मला सुचलं नाही. मी त्याला जवळ घेतलं आणि तो माझ्या पोटात तोंड खुपसून विचारत राहिला, "सांगा ना सर, माझ्यापायी ना?" शेजारच्या खाटेवरची बाई पदर तोंडाला लावून बसली. मी मास्तर आहे, हजार पोरांना उत्तरं काढायला शिकवलं. त्या पोराला देण्यासारखं एक वाक्य माझ्याजवळ नव्हतं. आजही नाही. म्हणून रात्रंदिवस तुझ्याशी भांडतो.

मग मी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडे गेलो. ते भले माणूस, तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. पण म्हणाले, "सुखदेव होता तोवर ठीक होतं. त्याला त्यातलं कळत होतं. नवा माणूस येईल तो अशी पोरं सांभाळायला तयार नाही. मी कोणाच्या भरवशावर ठेवू?" मी म्हटलं, मी शनिवार-रविवार येईन. ते म्हणाले, "आणि मंगळवारी दुखलं तर?"  पटले सरांनी जे विचारलं असतं तेच त्यांनी विचारलं आणि ते चुकीचं नव्हतं, हेच माझ्या जिवाला लागलं. मी चिडलो, टेबलावर हात आपटला. त्यांनी पाणी मागवलं. बाकीच्या पोरांना काही अडचण नाही, म्हणाले. ही चार पोरं तेवढी घरी जाऊ द्या.

मी सौंदडला बाबांकडे गेलो, त्यांना विचारलं, काय करू. बाबा म्हणाले, "नोकरी सोडून तिथं जाशील का?" मी म्हटलं, घर आहे, पोरगी आहे. ते म्हणाले, "मंग सुखदेव काऊन गेला होता ते आता तरी समजलं का?" समजलं. तू तिथं का बसला होतास ते मला आता समजलं, आणि समजून माझ्या हातात काही येत नाही. मी तुला वर्षानुवर्षं तिथून उठ म्हणत होतो. तू उठला असतास तर आज जगला असतास, हे मी अजूनही म्हणतो. आणि तू उठला असतास तर रोशन दोन वर्षांपूर्वीच घरी बसला असता, हेही खरं. दोन्ही खरी आहेत. कोणतं मोठं ते मला ठरवता येत नाही.

तिघांचे आईबाप येऊन घेऊन गेले. काल रोशनचा बाप आला, इसरामभाऊ. मी सुटी काढून गेलो होतो. हॉल ओळखू येत नव्हता. चुलीजवळचा कोपरा रिकामा, फरशीवर अंथरुणांच्या सावल्यांसारखे चौकोन. पोरं शाळेत न जाता छपरीत रेंगाळत होती. त्यांनी रोशनला घेरलं, एकानं त्याच्या खिशात चिंचा भरल्या, एकानं स्वतःची कानटोपी त्याच्या डोक्यात घातली. कोणी रडलं नाही. रोशननं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या वाटचं लोणचं आता कोण खाते?" तेव्हा मात्र एकदोन जण बोरिंगकडे निघून गेले.

मी इसरामभाऊंना सगळं समजावलं. गोळ्या कोणत्या, कधी, पाणी किती, थंडीत काय करायचं, दुखलं तर आधी कोणाला फोन करायचा. माझा नंबर दिला. ते मान हलवत होते. त्यांच्या गावातून फोन लागायला टेकडीवर जावं लागतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, रोशननं सांगितलं.

निघताना मी रोशनची पत्र्याची पेटी उचलून बाहेर आणली. आत त्याची वह्या-पुस्तकं, गणवेश, तू घेऊन दिलेला स्वेटर. स्वेटर काढून मी त्याच्या अंगात घातला. पेटी इसरामभाऊंच्या सायकलच्या कॅरिअरला बांधायला दोरी शोधू लागलो. इसरामभाऊंनी माझा हात धरला.

"पेटी नोको सर," ते म्हणाले. "पेटी इथंच राहू द्या. जागा धरून राहील त्याची."

मी त्यांना सांगायला हवं होतं की जागा गेली. सांगितलं नाही. पेटी उचलली आणि परत आत नेली, चुलीजवळच्या कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवली. स्वयंपाकाच्या बाईला म्हटलं, कोणी हलवायला आलं तर मिलिंद सरनं ठेवली म्हणून सांग. ती म्हणाली, "सचिवसाहेब रागावतील." मी म्हटलं, रागावू दे. बाहेर आलो तर बापलेक सागाच्या झाडांपर्यंत पोचले होते. रोशन कॅरिअरवर बसला होता आणि इसरामभाऊ सायकल हातानं ढकलत, चढाच्या बाजूनं, सावकाश चालले होते.